फ्यूज, घोडा आणि कोयता

परीक्षा जवळ आली की होस्टेलवर 'याचा फ्यूज उडाला' हे वाक्य रोज कानावर येतं. पण 'याचा कपॅसिटर गेला' असं कुणी म्हटलेलं ऐकलंय? नाही ना! खरं तर कपॅसिटर आपल्या डोक्यावरच्या पंख्यातच बसलेला असतो. मग मान फ्यूजलाच का?

मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' या ग्रंथात याचं गणित मांडून ठेवलंय. शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा घेणं म्हणजे लक्षणा. तिच्या अटी तीन. सरळ अर्थ तिथे बसत नसला पाहिजे. दोन्ही अर्थांत काही संबंध हवा. आणि तसं बोलण्याची रूढी किंवा हेतू हवा.

माणसाच्या डोक्यात फ्यूज नसतो, म्हणजे पहिली अट पुरी झाली. लोड वाढला की तार वितळते आणि अंधार होतो, हे सगळ्यांना घरबसल्या माहीत. त्यामुळे संबंध समजावून सांगावा लागत नाही. आता एमसीबी आले तरी तोंडात फ्यूजच राहिला. कपॅसिटरचं काम सांगायला मात्र खडू-फळा लागतो. थोडक्यात, वस्तू ओळखीची हवी आणि तिचं काम चटकन डोळ्यांत भरणारं हवं.

तिसरी अट गरजेची. जेम्स वॅटला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकांना सवय घोड्यांची. म्हणून त्याने इंजिनाची ताकद घोड्यांत सांगितली. आज एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. मोटारीत घोडा कुणी शोधत नाही.

माझं गाव तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. आमच्या भागात 'मुकादमाकडं पंधरा कोयते आहेत' म्हटलं तर कुणी हत्यारं मोजत नाही. एक कोयता म्हणजे ऊस तोडणारं एक जोडपं, बहुधा नवरा-बायको. एकटा माणूस असला तर तो 'अर्धा कोयता'. उचलही कोयत्यामागं ठरते. आता खुरपं बघा. तेही घरोघरी असतं, पण खुरपणीला 'चार बाया' सांगतात, 'चार खुरपी' नाही. कारण तिथे रोज माणशी असतो. ऊसतोडीत एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, आणि पैसे टनावर, दोघांचे मिळून. हिशेबाला जोडीसाठी एक शब्द हवा होता, आणि कोयता हातातच होता.

इथे एक फरक मात्र आहे. इंजिनात घोडा कधी नव्हताच, म्हणून तो विसरला तरी काही बिघडत नाही. कोयत्यात दोन जिवंत माणसं आहेत. बाई आजारी पडली तरी खाडा अख्ख्या कोयत्याचा धरतात. उचलीचा व्यवहार बहुतेक वेळा नवऱ्याशी होतो, अन् बाईचं नाव त्या एका शब्दात बुडून जातं.

आपण उद्या साइटवर जाऊ, प्लँटमध्ये जाऊ. तिथे 'मॅनपॉवर किती लागेल?' असं रोज विचारू. शब्द सोयीचा आहे, वापरायला हरकत नाही. फक्त आकडा लिहिताना त्यात माणसं किती आणि कोण, हेही एकदा विचारावं.