ऊतींच्या नमुन्यांची साठवणूक आणि अभिरंजन चाचणीची विश्वासार्हता

प्रस्तावना :
स्तनाच्या कर्करोगावर कोणता उपचार करावा, हे बऱ्याच अंशी अर्बुदाच्या पेशींतील इस्ट्रोजेन रिसेप्टर या प्रथिनाच्या तपासणीवरून ठरते. ऊतीच्या पातळ छेदावर विशिष्ट प्रतिपिंड सोडले जाते आणि प्रथिन असल्यास केंद्रकांवर सामान्यतः तपकिरी रंग उमटतो. रंग न उमटल्यास टॅमॉक्सिफेनसारखे संप्रेरकरोधी उपचार सहसा दिले जात नाहीत. परंतु रंग न उमटण्याचे कारण रोगातच असते असे नाही. ते नमुन्याच्या हाताळणीत व साठवणुकीतही असू शकते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कारणाचा विचार केला आहे.

स्थिरीकरण :
ऊती शरीराबाहेर काढताच तिचा रक्तपुरवठा थांबतो व विकरे प्रथिनांचे विघटन करू लागतात. फॉर्मॅलिन प्रथिनांमध्ये आडबंध निर्माण करून हे विघटन रोखते. स्थिरीकरण अपुरे राहिल्यास प्रथिने टिकत नाहीत. ते फार लांबल्यास आडबंधांमुळे प्रतिजन झाकला जातो. म्हणूनच 2010 साली अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी या चाचणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार नमुना एका तासाच्या आत 10 टक्के उदासीन बफरयुक्त फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा आणि तेथे तो 6 ते 72 तास राहावा.

ठोकळा आणि काचपट्टी :
पॅराफिनच्या ठोकळ्यात ऊतीभोवती मेणाचे आवरण असते. त्यामुळे अनेक प्रतिजन वर्षानुवर्षे टिकतात. मात्र त्याच ठोकळ्यातून कापलेला सुमारे 4 मायक्रोमीटर जाडीचा छेद काचपट्टीवर उघडा राहतो. हवेतील ऑक्सिजन, आर्द्रता व उष्णता यांमुळे त्यातील प्रतिजनक्षमता हळूहळू घटते. निर्जलीकरण अपूर्ण राहिले असल्यास ऊतीत उरलेले पाणीही हीच हानी घडवते. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात ही बाब विशेष लक्षात घ्यावी लागते. उपरोक्त तत्त्वांनुसार सहा आठवड्यांहून जुने छेद या चाचणीसाठी वापरू नयेत. थंड व कोरड्या जागी ठेवल्याने किंवा छेदावर मेणाचा लेप दिल्याने ऱ्हास मंदावतो, पण पूर्णपणे थांबत नाही.

नियंत्रण नमुन्याची मर्यादा :
चाचणीसोबत ज्ञात सकारात्मक नमुन्याची काचपट्टी रंगवली जाते. ती ताजी असल्यास उत्तम रंगते. त्यावरून अभिकारके योग्य असल्याचे सिद्ध होते, रुग्णाचा छेद सुस्थितीत असल्याचे नव्हे. त्यासाठी त्याच छेदातील निरोगी स्तननलिकांकडे पाहावे लागते. त्यांच्या काही पेशींत हे प्रथिन स्वभावतःच असते. त्याही रंगल्या नसतील, तर निष्कर्ष नकारात्मक न मानता ठोकळ्यातून नवा छेद कापून चाचणी पुन्हा करणे आवश्यक ठरते.

समारोप :
सारांश, जतन करावा तो ठोकळा. छेद शक्यतो गरजेच्या वेळीच कापावा आणि काचपट्टीवर छेद कापल्याची तारीख नोंदवावी. संशोधनासाठी जुन्या काचपट्ट्या वापरतानाही हे पथ्य पाळावे, अन्यथा साठवणुकीतील दोष रोगाचा गुणधर्म म्हणून नोंदला जाईल. संशोधनात अशी चूक पुढे दुरुस्त होऊ शकते. रुग्णाच्या बाबतीत मात्र उपचाराची वेळ निघून गेलेली असू शकते.