पाखरांची नोंदवही

दिवाळी सरते, भाताची कापणी आटोपते आणि वसईच्या वाड्यांवर पहाटेचे धुके उतरू लागते. याच सुमारास भुईगाव, राजोडी, अर्नाळा येथील किनाऱ्यांवर दूरदेशीचे पाहुणे येऊन दाखल होतात. हे पाहुणे म्हणजे स्थलांतर करणारे पक्षी.

वसईच्या उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. खाड्यांतील चिखलात आणि मिठागरांतील उथळ पाण्यात किडे, शिंपले व बारीक मासे विपुल असतात. उलट, उत्तरेकडील थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठतात, जमीन बर्फाखाली जाते आणि पाखरांना अन्न मिळेनासे होते. म्हणून ती हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात.

भुरक्या डोक्याचा कुरव हा त्यांपैकीच एक. लडाख व तिबेट येथील उंच सरोवरांकाठी तो घरटे करतो. आपल्याकडे येतो तेव्हा त्याचे डोके पांढरे असते व डोळ्यामागे एक काळसर ठिपका दिसतो. परतीचे दिवस जवळ आले की ते डोके हळूहळू भुरके होऊ लागते. ओहोटीच्या वेळी चिखलात चिखल्या आणि तुतवार ही पाखरे चरताना आढळतात. चिखल्याची चोच आखूड, तर तुतवाराची त्याहून लांब. त्यामुळे एक वरवरचे किडे टिपतो, तर दुसरा चोच चिखलात खुपसून खोलवरचे भक्ष्य शोधतो. भरती चढू लागली की चिखल पाण्याखाली जातो व पाखरे किनाऱ्याजवळ एकत्र येतात. त्यांना पाहण्याची हीच उत्तम वेळ होय.

पाहिलेले लिहून ठेवावे. एका वहीत तारीख, वेळ, ठिकाण, भरती होती की ओहोटी, कोणते पक्षी व किती दिसले, हे टिपावे. ओळख पटली नाही, तर चोच, पाय व रंग यांचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव मात्र लिहू नये. कधी एखादे अपरिचित पाखरू दिसते. ते दुर्मीळ असावे अशी इच्छा मनात येते आणि नेमका तेथेच मोह पडतो. या मोहाला बळी पडल्याने काय घडते, हे रानपिंगळ्याच्या हकीकतीवरून कळेल.

रानपिंगळा हे लहानसे घुबड आहे. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात 1884 पर्यंत या पक्ष्याचे नमुने गोळा केले. पुढे तो कोणास आढळला नाही. परंतु रिचर्ड माइनर्टझागेन या गृहस्थाने, 1914 साली गुजरातेत मांडवी येथे आपण तो मिळवला, असे जगाला सांगितले. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयातील डेव्हिडसन यांचाच एक नमुना चोरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती! त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारे शोधक चुकीच्या वाटेस लागले. रानपिंगळा नामशेष झाला असावा, असे अनेकांस वाटू लागले.

अखेर पामेला रासमुसेन या विदुषींनी जुने नमुने बारकाईने तपासले. माइनर्टझागेनच्या नोंदीवर विसंबून न राहता, त्या व त्यांचे सहकारी डेव्हिडसनच्या खऱ्या नोंदींमागून खानदेशात आले. नोव्हेंबर 1997 मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, दिवसाउजेडी फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. तब्बल 113 वर्षांनी त्याचा पत्ता लागला!

पुढे 2014 साली हाच पक्षी तुंगारेश्वराच्या पलीकडे, तानसा अभयारण्यात आढळला. साधा पिंगळा ज्यांना नीट ठाऊक होता, त्यांनाच हे पाखरू त्याहून निराळे आहे हे उमगले. परिचितांची पुरती ओळख असल्यावाचून अपरिचित ओळखता येत नाही.

आज वसईच्या आसपासच्या अनेक पाणथळ जागांवर भराव पडून इमारती उभ्या राहिल्या आहेत. एखाद्या तळ्यावर पूर्वी किती पाखरे उतरत, हे कोणी लिहून ठेवले नसेल, तर तेथे काय नाहीसे झाले हे कोणास सांगता येणार? म्हणून, मुलांनो, या हिवाळ्यात तुम्हीही एक वही घाला. तीत एकही दुर्मीळ पक्षी नसला तरी चालेल. मात्र तिच्यातील प्रत्येक ओळ खरी असली पाहिजे.