मांजराचे उष्टे

वजूसाठी काढून ठेवलेल्या पाण्याला मांजराने तोंड लावले तर ते पाणी चालते का? रमजानमध्ये सहेरीच्या गडबडीत हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या घरात निघतोच. पहाटे चूल पेटली की मांजर हजर. रोजा त्याला नसतो, पण सहेरी चुकत नाही.

उत्तर फार जुने आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांचे सहकारी अबू कतादा यांच्या सूनबाई कबशा यांनी सांगितलेला प्रसंग हदीसच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. सासऱ्यांच्या वजूसाठी त्यांनी पाणी ओतले, तेवढ्यात मांजर आले. अबू कतादांनी भांडे तिरके केले आणि मांजराचे पिऊन होईपर्यंत तसेच धरून ठेवले. सून नवलाने पाहते आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी सांगितले की, पैगंबरांनी मांजराला नापाक मानलेले नाही. ते आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकीच आहे. ज्यांच्याकडून सर्वाधिक हदीस आल्या, त्या अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थही ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’ असाच होतो.

म्हणजे मांजराच्या उष्ट्याचे माणसाला वावडे नाही. पण एका मांजराचे उष्टे दुसऱ्या मांजराला मात्र कधी कधी भोवते. ‘फेलाइन ल्युकेमिया’ नावाचा मांजरांचा आजार मुख्यतः लाळेतून पसरतो. एका वाटीत खाणे, एकमेकांना चाटणे, बोक्यांच्या मारामारीतले चावे ही त्याची वाट. आईकडून तो पिल्लांनाही जातो. माणसाला हा आजार होत नाही, कुत्र्याला होत नाही, गाईगुरांना होत नाही. घरात लहान मूल आहे किंवा गरोदर सून आहे म्हणून असे मांजर घराबाहेर काढायचे काहीच कारण नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कारण आजाराचे नाव ऐकले की घरातला पहिला प्रश्न तोच असतो.

नावात ल्युकेमिया असला तरी मूळ दुखणे विषाणूचे आहे. १९६४ साली स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठातले पशुवैद्यक विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. एकाच घरातल्या अनेक मांजरांना कर्करोगाच्या गाठी झाल्या होत्या. कर्करोग तर संसर्गाने पसरत नाही, मग एकाच घरात इतक्यांना कसा, या शंकेपासून शोध सुरू झाला. हा विषाणू मांजराच्या हाडातल्या मगजापर्यंत जातो, रक्त तयार होणे मंदावते, प्रतिकारशक्ती खचते. काहींना लिम्फोमाच्या गाठी होतात, बरीचशी भलत्याच किरकोळ संसर्गाने जातात. घरात दिसते ते एवढेच: मांजर वाळत चालले, ताप येतो-जातो, तोंड आले म्हणून खात नाही आणि ओठ वर करून पाहिले तर हिरड्या पांढुरक्या.

आता असे मांजर शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत असेल तर काय होते? येमाई देवीचे आणि लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकरांचे हे गाव. सगळा टापू ऊस, कांदा आणि दुधाचा. इथल्या पशुवैद्यकाचा दिवस गाईच्या थनदाहात, अडलेल्या वितीत, लाळ्या-खुरकुताच्या लसीत जातो. टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून कुणी मांजर आणले तर डॉक्टर बघतात, नाही म्हणत नाहीत. पण त्यांच्या कपाटात मांजराच्या रक्ताच्या तपासणीची पट्टी असण्याची शक्यता कमीच. ती नाही यात डॉक्टरांचा दोष नाही. सरकारी पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, घोडा, उंट, हत्ती, इतकेच काय कुत्रा आणि ससाही मोजला जातो. मांजर मोजले जात नाही. दूध देत नाही, ओझे वाहत नाही, कागदावर नाही. जे मोजलेच जात नाही त्याची औषधे तालुक्याच्या गावापर्यंत कोण आणून ठेवणार?

मग औषधाचा शोध सुरू होतो. कुणीतरी मोबाइलवर नावे पाठवते, ती चिठ्ठीवर उतरतात आणि घरातला पोरगा शिरूरला, मंचरला, तिथून पुण्याला मेडिकलच्या काउंटरवर ती चिठ्ठी दाखवत फिरतो. या चिठ्ठीत बहुधा तीन नावे असतात. तिन्हींची गोष्ट वेगळी आहे आणि ती माहीत असेल तर बरीचशी पायपीट वाचते.

पहिले नाव इंटरफेरॉन ओमेगा. मांजराच्याच शरीरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाची ही नक्कल. जपानच्या तोरे कंपनीने ते चक्क रेशमाच्या किड्यांमध्ये तयार करण्याची पद्धत बसवली आणि युरोपात विरबॅक कंपनीच्या नावाने त्याला २००१ साली परवाना मिळाला. आपल्याकडच्या औषध दुकानांत ते मिळत नाही. बाहेरून आणायचे तर कागदपत्रे आली, बर्फातून वाहतूक आली, खर्च आला. आणि एवढे करून हाती काय? काही आजारी मांजरांची तब्येत त्याने सुधारलेली दिसली, काही जास्त जगली. पण विषाणू शरीरातून जात नाही. गाय विकून आणावे असे हे औषध नाही.

दुसरे नाव झिडोव्हुडिन, म्हणजे एझेडटी. हे माणसांच्या एचआयव्हीवरचे औषध. योगायोग असा की, ते अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ यांनी पहिल्यांदा तयार केले तेही १९६४ सालीच आणि कर्करोगावर म्हणून. त्या कामी ते लागले नाही, कपाटात पडून राहिले. एचआयव्हीवरचे पहिले औषध म्हणून १९८७ साली त्याला मान्यता मिळाली. मांजराचा हा विषाणू आणि एचआयव्ही दोन्ही रेट्रोव्हायरस, म्हणजे एकाच मोठ्या कुळातले. म्हणून पशुवैद्यकांनी ते मांजरांत वापरून पाहिले. नव्वदच्या दशकात भारतीय कंपन्यांनी ते इथे बनवायला घेतले, त्यामुळे देशात ते दुर्मीळ नाही. पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते ठेवत नाहीत, कारण एचआयव्हीची औषधे १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांतून मोफत मिळू लागली आणि आता तिथेही बहुतेकांना नव्या गोळ्या दिल्या जातात. तिथल्या गोळ्या रुग्णांसाठी मोजून आलेल्या असतात. ओळखीने दोन पाकिटे मागून आणण्याचा विचारही कुणी करू नये.

त्याहून मोठी अडचण औषधातच आहे. एझेडटीचा नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे रक्त कमी होणे. ज्या मांजराच्या हिरड्या आधीच पांढऱ्या पडल्या आहेत, त्याला हे द्यायचे तर दर काही दिवसांनी रक्त तपासणारा डॉक्टर जवळ हवा. गोळी असते माणसाच्या वजनाची, मांजर तीन-चार किलोचे. सुरीने तुकडे करून अंदाजे देणे म्हणजे आजाराला हातभार लावणे.

तिसऱ्या नावाची आठवण पुणे जिल्ह्यात कुणालाच नवी नाही. एप्रिल २०२१ मध्ये ज्याच्यासाठी रात्र-रात्र रांगा लागल्या, काळा बाजार झाला, ते रेमडेसिविर. मांजरांच्या ‘एफआयपी’ नावाच्या दुसऱ्या एका आजारावर रेमडेसिविर आणि त्याच घराण्यातले जीएस ४४१५२४ हे औषध खरोखर गुणकारी ठरले आहे. पूर्वी एफआयपी म्हणजे मरणच होते. आज योग्य औषध वेळेवर मिळाले तर बहुतेक मांजरे वाचतात. २०२३ साली सायप्रस बेटावर एफआयपीची मोठी साथ आली, तेव्हा तिथल्या सरकारने माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. ही बातमी जगभर गेली आणि तेव्हापासून ‘मांजरावर कोविडचे इंजेक्शन चालते’ एवढेच लोकांच्या डोक्यात राहिले. पण हे औषध एफआयपीवरचे. ल्युकेमियाच्या विषाणूवर नव्हे. गोंधळ वाढायचे कारण म्हणजे ल्युकेमियाने खचलेल्या मांजराला एफआयपीही होऊ शकतो. तेव्हा इंजेक्शन शोधायला निघण्याआधी नेमके काय झाले आहे हे कळले पाहिजे.

म्हणून धावपळ करायचीच तर ती आधी तपासणीसाठी करावी. रक्ताचे दोन-चार थेंब आणि दहा-पंधरा मिनिटे एवढ्यात प्राथमिक तपासणी होते. पुण्यातल्या पाळीव प्राण्यांच्या अनेक दवाखान्यांत ती होते. मोठ्या उपचारांची वेळ आली तर शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. निघण्याआधी फोन करून विचारावे. आजारी जनावराचा एसटीतला फुकटचा प्रवास तरी टळेल.

आणि एकदा ‘पॉझिटिव्ह’ आले म्हणजे संपले, असे नाही. काही मांजरांचे शरीर विषाणूला दाबून टाकते. काही आठवड्यांनी पुन्हा केलेली किंवा पीसीआरने केलेली तपासणी वेगळे चित्र दाखवू शकते. विषाणू टिकून राहिला तरी नीट सांभाळलेली मांजरे काही वर्षे चांगली जगतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हिरड्या पांढऱ्या पडण्याची इतरही कारणे असतात. पिसवांनी पसरणारा रक्तातला एक जंतुसंसर्ग आहे, त्याने मांजर असेच फिकट पडते आणि ल्युकेमियाच्या मांजरांत तो जास्त आढळतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालते, जे कवठ्यातल्या मेडिकलमध्येही असेल. मात्र ते डॉक्टरने मात्रा ठरवून दिलेले असावे आणि गोळी कोरडी भरवू नये. घशाखाली अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. मागून थोडे पाणी पाजावे. दुर्मीळ औषधाच्या मागे आठ दिवस गेले आणि साध्या गोळीने बरा होणारा आजार तोवर हाताबाहेर गेला, असे होता कामा नये.

सहज मिळणारे एक औषध मात्र मांजराच्या तोंडाजवळही नेऊ नये. ते म्हणजे पॅरासिटामॉल. ताप आहे म्हणून माणसाची अर्धी गोळी दुधात घालून देण्याची सवय गावोगाव आहे. मांजराचे यकृत ते पचवू शकत नाही. रक्त प्राणवायू वाहीनासे होते, तोंड सुजते, आणि एका गोळीतही मांजर मरते. ल्युकेमिया वर्षे घेतो, हे काम एका दिवसात होते.

लसीबद्दलही एक गैरसमज आहे. शहरात मांजरांना सर्रास दिली जाते ती तिहेरी लस. तिच्यात ‘पॅनल्युकोपेनिया’ हा शब्द असतो, त्यामुळे ल्युकेमियाचे काम झाले असे वाटते. ते दोन वेगळे आजार आहेत. ल्युकेमियाची लस अमेरिकेत १९८५ पासून आहे, आपल्याकडे ती मिळवणे अवघड. तोवर हाती उरतात ते उपाय साधे: नवे पिल्लू घरात आणताना आधी तपासणी आणि मांजरांची नसबंदी. नसबंदी झालेला बोका रात्री भांडायला जात नाही, चावे कमी, विषाणूची वाट कमी.

आजारी मांजर पोत्यात घालून दूर रानात सोडून येणे हा उपाय नव्हे, जरी तो फार चालतो. सोडलेले मांजर मरेपर्यंत इतरांत मिसळते, आणि शिरूरच्या उसात ते एकटे नसते. पिंपरखेड-जांबूतच्या पट्ट्यात बिबट्याची भीती घरोघर आहे. गावकडेची कुत्री-मांजरे त्याच्या तावडीत सापडतात. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जंगली पँथरांना हाच विषाणू झाला. पाळीव मांजरांकडून तो त्यांच्यात गेल्याचे संशोधकांनी दाखवले. २००७ मध्ये स्पेनमधल्या दुर्मीळ लिंक्सनाही तो झाला. दोन्हीकडे रानात जाऊन जनावरे पकडून लसी टोचाव्या लागल्या. आधीच माणूस आणि बिबट्या एकमेकांना भिऊन राहणाऱ्या भागात हे दुखणे आणखी नको.

घरात ठेवणे त्यामानाने सोपे आहे. हा विषाणू शरीराबाहेर चिवट नाही. वाळला की थोड्या वेळात मरतो, साबणालाही टिकत नाही. आजारी भाटीला वेगळ्या खोलीत किंवा पडवीत जागा, वेगळी वाटी, वेगळे पाणी. मऊ शिजवलेले, कच्चे मांस अजिबात नाही, कारण जे इतर मांजराला पचते ते हिला बाधू शकते. डॉक्टरांच्या गोळ्या बहुधा दिवसातून दोनदा असतात. रमजानात तर ती वेळ पाळायला घड्याळही लागत नाही: एक सहेरीला, एक इफ्तारनंतर. आणि दोन वाट्या सारख्याच असतील तर आजारी मांजराच्या वाटीला बाहेरून नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवावा, म्हणजे पहाटेच्या अर्धवट झोपेत भांडी घासणाऱ्याची अदलाबदल होत नाही.