विमान आले, पण भिंतीपलीकडची वस्ती मोजणार कोण?

सोलापूरच्या कष्टकरी माणसाला आवाजाचे नवल नाही. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराच्या पिढ्यान्‌पिढ्या उठल्या, जेवल्या आणि पाळीवर गेल्या. घरात घड्याळ नव्हते तेव्हा भोंगा हेच घड्याळ होते. पुढे गिरण्या बंद पडल्या, भोंगे मुके झाले आणि गल्लीबोळांतून यंत्रमागाचा खडखडाट तेवढा उरला. त्या खडखडाटात चादरी आणि टॉवेल विणता विणता कित्येक कामगारांचे कान गेले. पण त्या आवाजाच्या पाठीमागे भाकरी होती, म्हणून आमच्या माणसाने तो सोसला.

आता सोलापूरच्या आभाळात नवा आवाज आला आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळाचे नव्याने उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली, १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईची. शहरात पेढे वाटले गेले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु मजरेवाडी, नई जिंदगी, कुमठे, होटगी रस्ता या बाजूला पत्र्याच्या घरांतून राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला या विमानातून नेमके काय येणार? तिकीट की केवळ आवाज? हा प्रश्न आम्ही आज विचारतो आहोत, कारण उद्या तो विचारायला उशीर झालेला असेल.

आम्ही विमानाचे विरोधक नाही

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही विमानाच्या विरोधात नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यंत्राचे आणि आधुनिकतेचे विरोधक नव्हते. यंत्राचा लाभ मूठभरांनी घ्यायचा आणि झळ मात्र बहुजनांनी सोसायची, या समाजरचनेचे ते विरोधक होते. आमचा मुलगा शिकून विमानाने मुंबईला मुलाखतीला गेला तर आम्हाला अभिमानच वाटेल. प्रश्न विमानाचा नाही, हिशेबाचा आहे.

या विमानतळासाठी सोलापुरात गेल्या काही वर्षांत दोन आवाज संघटित झाले. विमानसेवा हवी म्हणून शहरातील नागरिक एकत्र आले. सोलापूर विकास मंचाने चक्री उपोषण केले आणि विषय लावून धरला. दुसरीकडे श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी वाचावी म्हणून ऊस उत्पादक सभासद रस्त्यावर उतरले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली. व्यापारी-उद्योजकांचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचला, सभासदांचा आवाज वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. मग तिसरा आवाज कुठे होता? विमानतळाच्या भिंतीलगत राहणारा मजूर, विडी वळणारी बाई, रिक्षावाला, सफाई कामगार यांचा आवाज या भांडणाच्या मध्यभागी कधी आलाच नाही! जो संघटित असतो त्याची बाजू होते. जो संघटित नसतो त्याची नुसती बघ्यांची गर्दी होते.

पैसा सार्वजनिक, तर हक्कही सार्वजनिक

काहीजण म्हणतील, विमानाशी गरिबाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो थेट खिशाचा आहे. सोलापूर-मुंबई विमानसेवा परवडावी म्हणून राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये प्रति आसन ३२४० रुपये तफावत निधी मंजूर केला. म्हणजे विमानातील खुर्चीचा भार सरकारी तिजोरीने उचलला. ही तिजोरी कुणाची? काडेपेटीवर, तेलाच्या पुड्यावर, मुलांच्या चपलेवर जो कर भरतो त्या प्रत्येकाची. जो कधी विमानात बसला नाही, त्यानेही विमानाच्या तिकिटात आपला वाटा भरला आहे.

चळवळीच्या वाचकाला इथे ४ ऑगस्ट १९२३ ची आठवण करून द्यावी लागेल. त्या दिवशी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवली जाणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असली पाहिजेत, असे तो ठराव सांगत होता. तो कागदावरच पडून राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. त्या लढ्याने आम्हाला एक सूत्र दिले: जिथे सार्वजनिक पैसा, तिथे सर्वांचा हक्क, आणि कागदावरचा हक्क पाय चालवल्याशिवाय हातात येत नाही. त्याच न्यायाने, विमानतळाविषयीचे निर्णय ज्या बैठकीत होतात त्या बैठकीत भिंतीलगतच्या वस्तीला खुर्ची हवी. ही भीक नाही, हे महाडचे गणित आहे.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते पहाटे ६. परंतु २०१८ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विमानतळाभोवतीच्या क्षेत्रासाठी वेगळी मर्यादा ठरवली. वर्षाला ५० हजारांहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० व रात्री ६५, तर इतर विमानतळांसाठी दिवसा ६५ व रात्री ६० डेसिबल. आकडे जवळजवळ दिसतात, पण डेसिबलचा हिशेब साधा नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा १० पट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. विमानतळ आला की शेजाऱ्याची सोसण्याची हद्द कायद्यानेच वाढते, हे वस्तीतल्या किती जणांना ठाऊक आहे?

आज सोलापुरात विमाने मोजकीच आहेत. त्यामुळे त्रास फार नाही असे कुणी म्हणाले तर ते खोटे नाही. पण बोरामणीच्या मोठ्या विमानतळासाठी शेकडो हेक्टर जमीन घेऊनही तो प्रकल्प वनजमिनीच्या प्रश्नावर रखडला. म्हणजे वाढेल तो भार होटगी रस्त्यावरच वाढणार. शिवाय सिमेंटच्या स्लॅबखाली, बंद खिडकीआड जो आवाज ऐकू येतो, तोच पत्र्याखाली तसा राहत नाही. पत्रा आवाज अडवत नाही, उलट स्वतःच थरथरतो.

प्रश्न केवळ आवाजाचाही नाही. पक्षी विमानाला धडकू नयेत म्हणून विमान नियमांनुसार विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास मनाई आहे. नियम प्रवाशांच्या जिवासाठी आहे, तो पाळलाच पाहिजे. पण कचरा उचलण्याची जबाबदारी महापालिकेची. ती गाडी वस्तीत आली नाही आणि घारी घिरट्या घालू लागल्या, तर गुन्हेगार कोण ठरणार? वस्तीच! कोपऱ्यावरच्या मांसविक्रेत्याला पर्यायी जागा न देता हटवले जाणार, आणि शहर म्हणणार, विकासाच्या आड हे लोक येतात. उंचीच्या नियमाने एवढ्या मोठ्या कारखान्याची चिमणी पाडली. त्या नियमांचे वाचन वस्तीने आधीच करून ठेवलेले बरे.

ओसाकाचा धडा

जपानमधील ओसाका विमानतळाची गोष्ट आमच्या वाचकांनी जरूर समजून घ्यावी. तिथे १९६४ मध्ये जेट विमाने सुरू झाली. आवाज असह्य झाला तेव्हा कावानिशी शहरातील रहिवासी एकत्र आले आणि १९६९ मध्ये त्यांनी सरकारवर खटला भरला. १९८१ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने रात्रीची उड्डाणे बंद करण्याचा आदेश देण्यास नकार दिला, पण झालेल्या त्रासाची भरपाई सरकारकडून मिळवून दिली. संघटित रहिवाशांचा हा मोठा विजय होता.

परंतु त्याच धावपट्टीला अगदी खेटून नाकामुरा नावाची वस्ती होती. युद्धकाळात विमानतळ बांधण्यासाठी राबलेल्या कोरियन मजुरांची ही वस्ती. जमीन सरकारी, म्हणून ती ‘बेकायदा’. ज्यांच्या घामावर धावपट्टी उभी राहिली, त्यांच्या डोक्यावरून विमाने जात राहिली. आणि कायदेशीर घरांना मिळणाऱ्या सोयी मात्र या घरांपर्यंत आल्या नाहीत. त्यांचे सामूहिक पुनर्वसन व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले. आवाज एकच, आभाळ एकच. पण ज्याच्याकडे कागद होता तो पीडित ठरला आणि ज्याच्याकडे नव्हता तो अतिक्रमणदार! ही गोष्ट जपानची आहे असे वाटते तरी का?

आपल्याकडे पाहा. मुंबई विमानतळाच्या जमिनीवरील ८० हजारांहून अधिक झोपडीवासीयांच्या पुनर्वसनाचा करार २००७ मध्ये एका विकासकाशी झाला आणि २०१३ मध्ये तो रद्द झाला. पात्र कोण, अपात्र कोण, कुठल्या तारखेचा पुरावा, यातच एका पिढीचे आयुष्य गेले. नवी मुंबईत शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढले, १९८४ च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. पुढे विमानतळबाधितांना साडेबावीस टक्क्यांचे सूत्र आले. लढ्याला आमचा मानाचा जयभीम. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्या भूमिहीनाचे काय? शून्याचे साडेबावीस टक्के शून्यच होतात! नागपूरच्या विमानतळाला २००५ मध्ये बाबासाहेबांचे नाव दिले गेले याचा आनंद आम्हालाही झाला. पण शेजारच्या शिवणगावच्या माणसाला मिहानसाठी जमीन गेल्यावर पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. नाव वर लावले म्हणजे न्याय खाली उतरतोच असे नाही.

आपलेही कान धरू या

आम्ही आवाजाविषयी बोलू लागलो की समोरचा लगेच विचारतो, तुमच्या जयंतीच्या डीजेचे काय? हा प्रश्न हेतू ठेवून विचारला जातो हे खरे. सर्वांच्याच मिरवणुकांत भिंती उभ्या राहतात आणि बोट मात्र निळ्या झेंड्याकडे दाखवले जाते हेही खरे. तरीही उत्तर टाळू नये. वस्तीतल्या आजारी म्हाताऱ्याला, तान्ह्या लेकराला आवाज कुणाचा आहे हे कळत नाही. जयंतीला सलग १८ तास अभ्यास करण्याची परंपरा आमच्याच तरुणांनी निर्माण केली. ती वाढवा, स्पीकरच्या भिंती कमी करा. स्वतःच्या घरात शिस्त असेल तर दुसऱ्याच्या दारात ताठ मानेने जाता येते.

काय करायचे?

पहिले काम, वस्तीची मोजणी आपण स्वतः करावी. घर किती, माणसे किती, शाळकरी मुले किती, कान-हृदयाचे आजारी किती, वास्तव्याचे पुरावे काय, याची वही प्रत्येक बुद्धविहारात असावी. दुसरे, वस्तीतील आवाजाचे मोजमाप करण्याची लेखी मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आजच करावी. आजचा आकडा हाती असेल तरच उद्याची वाढ सिद्ध करता येईल. तिसरे, माहितीच्या अधिकारात विमानतळाच्या विस्ताराचे आराखडे आणि उंचीचे नकाशे मागवून ते मराठीत फलकावर लावावेत. चौथे, कचरा रोज उचलला जावा, आणि सफाई कामगाराला कायम नोकरी मिळावी ही मागणी त्यालाच जोडावी. पाचवे, विमानतळावरील नोकऱ्यांत भिंतीलगतच्या मुला-मुलींना प्रशिक्षण देऊन सामावून घ्यावे.

आणि हे सारे एकट्या बौद्धांनी करायचे काम नाही. त्या बाजूला मुसलमान आहेत, पद्मशाली विणकर आहेत, मातंग, वडार, कैकाडी, लिंगायत कष्टकरी आहेत. विमान कुणाच्या डोक्यावरून जाताना जात विचारत नाही. मग समिती करताना आपण ती का विचारावी?

हे होणार नाही असे म्हणणाऱ्यांनी कुंभारीला जाऊन यावे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली याच सोलापुरातील विडी कामगार बायका संघटित झाल्या आणि २००६ मध्ये तिथे त्यांची १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. ज्यांना कुणी मोजत नव्हते त्यांनी स्वतःला मोजायला भाग पाडले.

बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले पहिले वसतिगृह १९२५ मध्ये उघडले ते याच सोलापुरात. गिरण्यांच्या गोंगाटाच्या या शहरात आमच्या पोरांना दिव्याखाली बसून शिकता यावे, एवढीच त्यामागची तळमळ होती. शंभर वर्षे झाली. आज पत्र्याच्या घरात कुणी पोर पुस्तक उघडून बसले आहे आणि वरून विमान चालले आहे. त्या पोराने मान वर करून विमान जरूर बघावे, त्यात बसण्याचे स्वप्नही बघावे. पण विमान गेल्यावर त्याला पुन्हा पुस्तकात मान घालता आली पाहिजे. तेवढी शांतता त्याला मिळवून देणे हे वस्तीतल्या मोठ्यांचे काम आहे. पहिली बैठक या रविवारी आपल्या विहारात बोलवा.

जयभीम!