चेपलेले खोके

इंग्लंड-अमेरिकेतील छायाचित्रणाच्या सामानाच्या दुकानांत कधी कधी एक टोपली मांडलेली दिसते. तिच्यात फिल्मची खोकी असतात. एकाचा कोपरा चेपलेला असतो, दुसऱ्याचे झाकण फाटलेले असते, तिसऱ्यावर पाणी सांडून अक्षरे पुसट झालेली असतात. मागच्या फडताळात त्याच कंपनीची, त्याच जातीची फिल्म नीटनेटक्या खोक्यांत रचलेली असते. पण टोपलीतील फिल्म तिच्यापेक्षा स्वस्त मिळते. आज बहुतेक छायाचित्रे फिल्मशिवायच घेतली जातात. तरी फिल्म बनणे अगदी थांबलेले नाही. हौशी लोक आणि शिकाऊ विद्यार्थी ती अजून विकत घेतात, आणि टोपलीपाशी हमखास थबकतात.

चहाचा पुडा फाटला, तर चहाचा वास उडून जातो. पुस्तकावरचे वेष्टन फाटले, तर आतला मजकूर एका अक्षरानेही कमी होत नाही. मग फिल्म यांपैकी कोणाच्या पंक्तीत बसते?

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्या एका अंगाला जिलेटिनचा लेप असतो आणि त्या लेपात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्रकाश पडला की या कणांत बदल घडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. रसायनात धुतल्यावर मात्र चित्र होऊन उमटतो. प्रकाश कोठून आला, हे त्या बिचाऱ्या कणांना कळत नाही. समोरच्या डोंगरावरून आलेला प्रकाश आणि एखाद्या फटीतून चोरपावलांनी शिरलेला प्रकाश त्यांना सारखाच. म्हणून कारखान्यात फिल्म काळोखातच गुंडाळून बंद करावी लागते.

३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म १९३४ पासून धातूच्या छोट्या डबीत भरून विकली जाऊ लागली. या डबीला एक अरुंद फट असते. फटीच्या दोन्ही काठांना काळी मखमल लावलेली असते. तिच्यातून फिल्म सरकते, पण प्रकाश आत जात नाही. ही डबी बहुधा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यात ठेवतात. या सर्वांच्या बाहेर ते कागदी खोके. म्हणजे प्रकाश अडवण्याचे काम खोक्याकडे नाहीच. ते चेपले म्हणून आतल्या फिल्मवर ओरखडाही उठत नाही.

असे असूनही दुकानदार किंमत का उतरवतो? फिल्मची जात, तिची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता आणि ती कोणत्या महिन्यापर्यंत वापरावी ती मुदत, हे सारे खोक्यावर छापलेले असते. खोके भिजले की ही माहिती पुसली जाते. कोणाला भेट द्यायची असेल, तर असे खोके कोण घेणार? परंतु खरे कारण याहून खोल आहे. कापड उलगडून पाहता येते, आंबा हुंगून पाहता येतो. फिल्म मात्र तपासून घेता येत नाही. उजेडात उघडून तपासली की ती संपलीच! तिचा गुणदोष कळतो तो चित्रे धुतल्यावर, आणि तोवर तो प्रसंग निघून गेलेला असतो. म्हणून गिऱ्हाइकाला बाहेरच्या वेष्टनावरच विश्वास टाकावा लागतो. चेपलेले खोके एवढेच सांगते, की ही फिल्म कोठेतरी पडली होती. ती भर उन्हात तापली होती काय, हे ते सांगत नाही. उष्णतेने तर फिल्म बिघडते. रंगीत फिल्मचे रंगही बदलतात. गिऱ्हाइकाच्या मनातील या शंकेची किंमत दुकानदार स्वतःच्या नफ्यातून वजा करतो.

सगळ्याच फिल्मना हा न्याय लावून चालत नाही. १९०१ सालापासून मिळणारी ‘१२०’ नावाची रुंद फिल्म धातूच्या डबीत नसते. ती कागदाच्या पाठीसह गुंडाळलेली असते आणि एका बंद पाकिटात ठेवलेली असते. हे पाकीट फाटले, तर गोष्ट वेगळी. जिलेटिन ओलावा शोषून घेते. कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत त्यावर बुरशीही धरते. म्हणून जाणता दुकानदार बाहेरचे खोके फाटलेली फिल्म टोपलीत ठेवील, पण पाकीट फाटलेली फिल्म ठेवणार नाही.

उलट, वेष्टन निर्दोष असूनही फिल्म नासल्याचे एक विलक्षण उदाहरण आहे. १९४५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या क्ष-किरणांच्या फिल्मवर काळे ठिपके उमटू लागले. खोकी चांगली होती, प्रकाश कोठूनही शिरला नव्हता. कंपनीचे शास्त्रज्ञ ज्युलियन वेब यांनी शोध घेतला, तेव्हा दोष फिल्मसोबत बांधलेल्या पेंढ्याच्या पुठ्ठ्यात निघाला. तो पुठ्ठा इंडियाना राज्यातील व्हिन्सेन्स गावी, नदीचे पाणी वापरून तयार झाला होता. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली होती. तिची किरणोत्सर्गी धूळ सुमारे १८०० किलोमीटर दूर जाऊन पडली आणि पाण्यावाटे त्या पुठ्ठ्यात उतरली होती. जे वेष्टन फिल्म राखण्यासाठी केले, त्यानेच ती आतून डागाळली. वेब यांनी ही हकीकत १९४९ साली प्रसिद्ध केली.

टोपलीपाशी उभा असलेला विद्यार्थी अर्थातच एवढा विचार करीत नाही. तो मुदत वाचतो, नळकांड्याचे झाकण उघडून धातूची डबी पिचलेली तर नाही ना, हे पाहतो, आणि एकाऐवजी दोन फिल्म घेऊन जातो. लग्नाची छायाचित्रे काढायला निघालेला छायाचित्रकार मात्र टोपलीकडे न वळता फडताळातीलच खोके मागतो. त्याला तेच लग्न दुसऱ्यांदा लावता येणार नसते.