गाडीतून धंदा करताय? मग बॅटरीचा हिशोबही वहीत मांडा



हिंजवडीत सकाळी ऑफिसला जाणाऱ्यांच्या रस्त्यावर नजर टाका. डिकी उघडली, पोह्यांचे डबे मांडले की दुकान सुरू. भाडं नाही, डिपॉझिट नाही. बऱ्याच जणांची तीच गाडी संध्याकाळी सँडविचसाठी उभी असते. अंधार पडला की डिकीत एलईडी पट्टी, छोटा स्पीकर, पैसे आल्याचं सांगणारा साउंडबॉक्स आणि दोन मोबाईल चार्जिंगला. इंजिन बंद. म्हणजे हा सगळा भार एकट्या बॅटरीवर.

माझं गाडीच्या अॅक्सेसरीजचंच दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशा लाईटनं काय होतंय?" होतं ना! गणित सोपं आहे. वॅटला 12 ने भागा, अँपिअर मिळतात. वरचं सगळं मिळून 40 वॅट धरलं तर सव्वातीन अँपिअर. पाच तासांत सोळा-सतरा अँपिअर-अवर गेले. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 ची. म्हणजे जवळपास अर्धी संपली, आणि तीही नवी असेल तर! जुन्या बॅटरीवर 35 हा आकडा नुसता स्टिकरवर उरतो.

मुळात ही बॅटरी त्या कामाची नाहीच. स्टार्टरला सेकंद-दोन सेकंद शंभराहून जास्त अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून परत भरून घ्यायचं, यासाठी तिच्या प्लेट पातळ असतात. रोज तासन् तास उपसली की प्लेटवर सल्फेट कडक होतं आणि क्षमता कायमची घटते.

"घरी जाताना चार्ज होईल की!" हिंजवडी ते वाकड, ट्रॅफिकमध्ये, हेडलाईट आणि एसी लावून? तेवढ्यात नाही भरत. पूर्ण भरायला काही तास लागतात. रोज थोडी तूट राहते, आणि एका सकाळी चावी फिरवली की नुसतं कट-कट-कट. डिकीत पन्नास प्लेट पोहे, गिऱ्हाईक आठ ते दहा याच वेळात. नवी बॅटरी घेता येते हो, त्या दिवसाचा गल्ला येत नाही.

हेडलाईटच्या उजेडात तर स्टॉल चालवूच नका. दोन हॅलोजन म्हणजे 110 वॅट, नऊ अँपिअर. इन्व्हर्टरवर 500 वॅटचा मिक्सर म्हणजे चाळीसच्या वर! लायटर सॉकेटचा फ्यूज असतो 10-15 अँपिअरचा. तो उडाला तर जागी मोठा फ्यूज टाकू नका, वायर जळेल. इंजिन चालू ठेवून धंदा? पेट्रोल जातं, धूर खाण्यावर येतो, आणि बंद शेडमध्ये तर तो विषारी.

वेगळी बॅटरी ठेवा. 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर 256 वॅट-अवर मिळतात. आपल्याला लागतात 200. घरी तिच्याच चार्जरवर लावायची, गाडीत पट्ट्यानं घट्ट बांधायची, वायरला बॅटरीजवळच फ्यूज.

सध्या बजेट नसेल तर सॉकेटमध्ये लावायचा व्होल्टमीटर घ्या. इंजिन आणि लोड बंद करून थोड्या वेळानं बघा: 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. तिथे स्पीकर बंद, चार्जिंग बंद. आणि बॅटरीची किंमत तिच्या महिन्यांनी भागून प्लेटच्या कॉस्टिंगमध्ये धरा, गॅस आणि तेलाच्या ओळीखाली.