लॅपटॉप का गुरगुरतो?

मुलांनो, वाचता वाचता एक मिनिट थांबा आणि नीट कान द्या. घरात काय काय ऐकू येतं? डोक्यावर पंखा फिरतोय, कोपऱ्यात फ्रिज घूं-घूं करतोय, गल्लीतली पिठाची गिरणी धडधडतेय. फिरणारं यंत्र म्हटलं की थोडी थरथर आलीच. लॅपटॉपचंही तसंच आहे.

पण कधीकधी ही थरथर फारच वाढते. मनगट टेकलं की हाताला जाणवते, शेजारची पेन्सिल हळूहळू सरकायला लागते, आणि कानाशी सारखी घर्रर घर्रर! मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "गेला कामातून, आता नवा घ्या." दुसरा म्हणतो, "चालतोय ना? मग राहू द्या." दोघंही घाई करतात, बरं का! थरथर म्हणजे यंत्राचं बोलणं. बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. पण एखाद्या वेळी यंत्र "सावध व्हा" असंही सांगत असतं. हे दोन्ही वेगळं कसं ओळखायचं, ते आज पाहू. स्क्रू उघडायची गरज नाही. डोळे, कान, हात आणि एक वही एवढं पुरे.

आत फिरतं तरी काय?

लॅपटॉपच्या पोटात फिरणाऱ्या वस्तू फार तर तीन. पहिला पंखा. तो आतली गरम हवा बाहेर फेकतो. दुसरी हार्ड डिस्क, म्हणजे माहिती साठवणारी गरगरती तबकडी. तिसरा सीडी किंवा डीव्हीडीचा कप्पा. नव्या लॅपटॉपमध्ये हा कप्पा बहुधा नसतो, आणि हार्ड डिस्कच्या जागी 'एसएसडी' असते. तिच्यात फिरणारं काहीच नाही, म्हणून ती थरथरतही नाही.

आता एक सोपं गणित. जुन्या लॅपटॉपमधल्या बऱ्याच हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारतात. मग सेकंदाला किती? ५४०० भागिले ६०, म्हणजे ९०! तुम्ही एकदा टाळी वाजवाल तेवढ्यात किती गिरक्या झाल्या, विचार करा. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. अख्खं कपाट भरेल एवढं ते धूड, आणि त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं!

फिरणारी वस्तू थरथरते का? भोवरा घ्या आणि त्याच्या एका बाजूला ओल्या मातीचा गोळा चिकटवा. आता फिरवा. कसा डगमगतो! एका बाजूला वजन जास्त झालं की तोल गेला. लॅपटॉपच्या पंख्याच्या पात्यांवर धूळ कमीजास्त बसली, की त्याचाही असाच 'मातीचा भोवरा' होतो.

टेबल का ओरडतं?

गंमत पुढेच आहे. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात, हे तुम्ही ऐकलं असेल. सतारीत वाजवायच्या तारांच्या खाली आणखी बारीक तारा असतात. त्यांना 'तरफेच्या तारा' म्हणतात. वरची तार छेडली, की जुळत्या सुराची खालची तार हात न लावताच गुणगुणते. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा असा एक सूर असतो. तोच सूर बाहेरून आला की ती वस्तू जोरात थरथरते. याला म्हणतात अनुनाद. तुमच्या टेबलाचा सूर लॅपटॉपच्या सुराशी जुळला, तर इवल्याशा पंख्याची थरथर टेबल मोठी करून दाखवतं.

या अनुनादाचा एक खरा किस्सा ऐका. मायक्रोसॉफ्ट कंपनीतले अभियंते रेमंड चेन यांनी तो २०२२ साली लिहिला. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या लक्षात आलं, की जॅनेट जॅक्सन या गायिकेचं 'रिदम नेशन' हे गाणं लावलं की काही लॅपटॉप बंद पडतात. इतकंच काय, गाणं एका लॅपटॉपवर लावलं तर शेजारचाही बंद पडायचा! कारण काय निघालं? गाण्यातला एक सूर त्या लॅपटॉपमधल्या ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कच्या सुराशी जुळत होता. मग कंपनीने आवाजातून तेवढाच सूर गाळायची सोय केली. आहे की नाही नवल?

आता व्हा गुप्तहेर

एक नियम पाळायचा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय झालं ते वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

१) जागा बदला. लॅपटॉप दुसऱ्या टेबलावर किंवा फरशीवर ठेवा. थरथर थांबली? मग दोष टेबलाचा. लॅपटॉप उलटा करून खालचे रबरी पाय मोजा. एखादा झिजला किंवा पडला असेल तर लॅपटॉप तीन पायांवर नाचतो. चौथीच्या आमच्या वर्गात एकाने विचारलं होतं, "सर, लॅपटॉप काहून गुरगुरते?" मुलांनी तो पत्र्याच्या टेबलावरून उचलून फरशीवर ठेवला, आणि गुरगुर गायब! मग टेबलाच्या एका आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. एक पैसाही खर्च न होता काम झालं. मात्र लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका. हवेची भोकं बुजतात आणि तो तापतो.

पाय शाबूत असूनही लॅपटॉप डुलतोय? खालचा भाग फुगलेला दिसतोय? टचपॅड वर उचललं गेलंय? मग थांबा! बॅटरी फुगलेली असू शकते. लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबू किंवा टोचू नका, आणि मोठ्यांना सांगा. अशा बॅटरीला आग लागू शकते.

२) चार्जर काढा. थरथर लगेच नाहीशी झाली? मग ती थरथर नव्हतीच, ती वीज होती! धातूच्या लॅपटॉपवरून बोट हलकेच फिरवलं की कधी खरखरीत, झिणझिण्या आल्यासारखं वाटतं. चार्जरमधून अगदी थोडी वीज धातूच्या अंगावर येते. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन तिला अर्थिंगच्या तारेतून जमिनीत नेते. अर्थिंग नसेल तर ती तुमच्या बोटातून वाट काढते. काही चार्जरला दोनच पिना असतात, तिथे अर्थिंग असूनही थोडी झिणझिण जाणवू शकते. ती वीज बहुधा फार थोडी असते. पण तीन पिनांचा चार्जर असूनही झिणझिण्या येत असतील, तर घरच्या अर्थिंगची तपासणी हवीच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी कूलर लागतात. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर जिवावर बेततं. लॅपटॉपने दिलेली ही सूचना म्हणूनच मोलाची. प्लगशी स्वतः खेळू नका, वायरमनला बोलवा.

३) वेळ पाहा. सुरू केल्यावर शांत, पण व्हिडिओ किंवा खेळ लावला की घर्रर? मग संशयित पंखा. लॅपटॉप तापला की पंखा जोरात फिरतो. उन्हाळ्यात तर त्याची फारच धावपळ. त्यात खडूची भुकटी, रस्त्याची धूळ, कापसाचे तंतू. मानोऱ्यात या कशालाच तोटा नाही! सफाई मोठ्यांनी किंवा कारागिराने करावी. लॅपटॉप पूर्ण बंद हवा, पंख्याची पाती धरून ठेवलेली हवीत आणि हवा थोडीथोडी मारावी. सफाईनंतरही पंखा खरखरला तर त्याचा बेअरिंग झिजला असेल. तेवढा पंखा बदलता येतो, त्यासाठी नवा लॅपटॉप लागत नाही.

४) सीडी काढा. कप्प्यात विसरलेली सीडी असेल, किंवा तिच्यावर एका बाजूला चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर ती फिरताना सगळा लॅपटॉप हलतो. सीडी काढली की झालं.

५) उरली हार्ड डिस्क. हलकीशी, एकसारखी गुणगुण असेल तर घाबरू नका, तो तिचा स्वभाव आहे. पण कट्-कट्, टक्-टक् असा नवा आवाज येऊ लागला, किंवा फाईल उघडायला फार वेळ लागू लागला, तर तिचा शेवट जवळ आला असं समजा. तबकडीवरची माहिती वाचणारं टोक तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं! जरासा धक्काही त्याला पुरतो. म्हणून चालू लॅपटॉप आपटू नका, ओढू नका. आणि आवाज बदलला की त्याच दिवशी फोटो, प्रकल्प, दाखले, सगळ्याची नक्कल पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर करा. दुरुस्ती उद्या केली तरी चालेल, नक्कल आजच हवी. डिस्क बदलायचीच झाली तर एसएसडी बसवून घ्या. थरथर जाते आणि जुना लॅपटॉप पुन्हा चपळ होतो.

पालकांशी दोन शब्द

मुलाने "लॅपटॉप थरथरतोय" म्हटलं, तर "तूच काहीतरी केलं असशील" असं लगेच म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि वरच्या पाच पायऱ्या त्यालाच करू द्या. चार्जरची पायरी मात्र तुमच्या देखरेखीखाली. दुकानात जायची वेळ आली तर वही सोबत न्या. "फरशीवर ठेवला तरी थरथरतो, चार्जर काढला तरी थरथरतो, व्हिडिओ लावला की वाढतो," एवढं सांगितलंत की कारागिराचं निम्मं काम झालं, आणि नको तो खर्चही टळला.

करून पाहा

मुलांनो, टेबलावर लॅपटॉपपासून वीतभर लांब एक कागद ठेवा. त्यावर चिमूटभर रवा पसरा. आता लॅपटॉपवर व्हिडिओ लावा. रव्याचे कण हलतात का? दुसऱ्या टेबलावर काय होतं? टेबलाखाली घडी घातल्यावर काय होतं? तीन ओळींचा तक्ता करून वर्गात बाईंना किंवा सरांना दाखवा. आणि हो, रवा नंतर नीट गोळा करा. नाहीतर आई तुम्हाला गुरगुरेल!